गिऱ्हाईक जोडण्याची खरी रीत

दिवाळी आटोपून गुऱ्हाळे पेटली, म्हणजे कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यात काही उत्साही शेतकरी एक नवा बेत मनाशी धरतात. बाजार समितीतील सौद्यात जो भाव निघेल तो मुकाट्याने घेण्यापेक्षा आपला गूळ थेट शहरातील मिठाईवाले, उपाहारगृहे आणि चहाची दुकाने यांस विकावा, मधली अडत व हमाली वाचवावी, असा तो बेत असतो. बेत चांगला आहे. परंतु पिशवीत गुळाचे नमुने घालून शहरात गेलेला हा शेतकरी पहिल्याच दुकानाच्या पायरीवर अडखळतो. “गूळ अगदी शुद्ध आहे, एकवार घेऊन तर पाहा,” एवढे एकच वाक्य त्याच्याजवळ असते. दुकानदार भाव विचारतो, भाव ऐकून मान हलवितो आणि याहून स्वस्त गूळ आपल्या दारात येऊन पडतो असे सांगतो. मग शेतकरी आर्जव करू लागतो, भाव उतरवितो, उधारीवर माल ठेवून जाण्याची तयारी दाखवितो. सायंकाळी तो घरी परततो तेव्हा अडत वाचलेली नसते, उलट एक नवी उधारी मात्र अंगावर बसलेली असते.

या प्रसंगात दुकानदाराची चूक आहे असे म्हणता येणार नाही. त्याच्या दारात असे दहाजण येतात आणि दहाही जण आपलाच माल उत्तम असल्याचे सांगतात. कोणाचे खरे मानावे हे ठरविण्यास भावाखेरीज दुसरे साधन त्याच्या हाती नसते, म्हणून तो भावावर बोट ठेवतो. शेतकऱ्याचा गूळ खरोखरच चांगला असतो, पण तो चांगला आहे म्हणजे काय, आणि त्या दुकानदाराच्या धंद्यास त्याचा नेमका कोणता उपयोग होणार आहे, हे त्याला कोणी समजावून दिलेले नसते. विक्रेता आपल्या मालाविषयी बोलत राहतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र स्वतःच्या अडचणी घोळत असतात.

गिऱ्हाईक जोडण्याची खरी रीत याच्या उलट आहे. ज्याला माल विकावयाचा आहे त्याने प्रथम गिऱ्हाइकाच्या कामास येईल अशी माहिती द्यावी. ती खरी असावी आणि स्वतःच्या मालाचे दोष झाकणारी नसावी. ‘माल घ्याच’ असा तगादा तिच्यामागे नसावा. अशा माहितीने ज्याची एखादी अडचण दूर झाली, तो माणूस गरज पडताच त्याच दारी येतो, आणि येताना विश्वास बरोबर घेऊन येतो. शेतकरी गटांनी व उत्पादक कंपन्यांनी हा मार्ग धरला पाहिजे आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांना त्या कामी साहाय्य केले पाहिजे. वरवर पाहता ही गोष्ट भाबडी वाटेल, परंतु तिला शंभर वर्षांहून अधिक काळाच्या अनुभवाचा आधार आहे, आणि त्यातील बराचसा अनुभव शेतीच्याच क्षेत्रातील आहे.

अमेरिकेत जॉन डिअर या नावाने प्रसिद्ध असलेल्या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ नावाचे एक पत्र काढले. फरो म्हणजे नांगराचे तास. हे पत्र पुढे मालाच्या वाखाणणीपेक्षा शेतकऱ्यांना रोजच्या कामात पडणाऱ्या प्रश्नांकडे अधिकाधिक लक्ष देऊ लागले, आणि ते आजही अनेक देशांत निघते. नांगर विकत घेण्याची वेळ शेतकऱ्याच्या आयुष्यात वारंवार येत नाही. परंतु मशागतीविषयीचे प्रश्न त्याला दरवर्षी पडतात. जो त्या प्रश्नांत वर्षानुवर्षे सोबत करतो, त्याचे नाव खरेदीच्या दिवशी आठवल्यावाचून राहत नाही.

त्याच देशात टेक्सस राज्यातील टेरेल या गावी १९०३ साली घडलेला प्रसंग याहून बोलका आहे. कपाशीच्या बोंडांत शिरणाऱ्या भुंग्याने त्या मुलखात शेतकऱ्यांची दैना केली होती. शेतकी खात्याचे सीमन नॅप यांनी असा आग्रह धरला की प्रात्यक्षिक सरकारी क्षेत्रावर न करता एखाद्या सामान्य शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या हाताने करावे. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने ते मान्य केले. नुकसान झाल्यास भरून देता यावे म्हणून गावातील व्यापाऱ्यांनी व इतर नागरिकांनी वर्गणी करून एक निधी उभारला. वर्षअखेर त्या निधीस हात लावण्याची वेळच आली नाही, कारण शेतकऱ्यास नेहमीपेक्षा अधिक उत्पन्न झाले होते. कृषिविस्ताराच्या इतिहासात हा प्रसंग आरंभबिंदू मानला जातो. त्यात व्यापाऱ्यांनी घेतलेला वाटा मात्र पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. शेतकरी बुडाला तर आपले दुकानही बुडणार, आणि तो तगला तर काही न सांगता आपल्याकडेच येणार, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते. त्यांनी त्या वर्षी मालाच्या जाहिरातीऐवजी ज्ञानासाठी पैसा बाजूला काढला.

महाराष्ट्रासही हा मार्ग अपरिचित नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. असा भ्रम भाव उतरवून जात नाही आणि गळ घालूनही जात नाही. शेजाऱ्याच्या शिवारात तोच नांगर चालल्यावर पीक कसे आले, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच तो फिटतो. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या कामाची व मालाची खबर देण्यासाठी निघालेले ते पत्र वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. वाचकांना उपयोगी पडेल असे काहीतरी त्यात नित्य मिळत गेले नसते, तर एका कारखान्याच्या खबरपत्रास हे स्थान लाभते ना.

ही उदाहरणे मोठ्या कारखान्यांची आहेत, दहा शेतकऱ्यांच्या गटास त्यांचा काय उपयोग, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहील. त्याचे उत्तर धंदेवाईक गिऱ्हाइकाच्या स्वभावात आहे. घरगुती गिऱ्हाईक किलोभर गूळ नेते आणि तो बरा न निघाल्यास दुसऱ्या वेळी दुकान बदलते. मिठाईवाला, उपाहारगृहाचा चालक किंवा चिक्की तयार करणारा कारखानदार याचे तसे नाही. त्याला तोच माल आठवड्यामागून आठवडा लागतो, आणि एक खेप बिघडली तर त्याची स्वतःची गिऱ्हाइके तुटतात. म्हणून भाव त्याला महत्त्वाचा वाटला तरी त्याची खरी धास्ती अनिश्चिततेची असते. पुढची खेप याच प्रतीची येईल काय, पावसाळ्यात माल टिकेल काय, तपासणीत काही निघाले तर कोण उत्तर देणार, असे प्रश्न त्याच्या मनात असतात. तगादा लावणाऱ्या विक्रेत्यामुळे ही धास्ती वाढते, कारण एवढी घाई आहे त्या अर्थी मालात काही खोट असावी असे त्यास वाटते. नेमकी माहिती देणाऱ्यामुळे ती कमी होते. या माहितीस छापखाना लागत नाही व मोठे भांडवलही लागत नाही. आपल्या मालाचे व गिऱ्हाइकाच्या कामाचे बारीक निरीक्षण मात्र लागते, आणि ते लहान गटासही साध्य आहे.

गुळाचेच उदाहरण पुढे चालवू. अलीकडे शहरांतून गुळाचा चहा विकणारी पुष्कळ दुकाने निघाली आहेत. त्या प्रत्येक दुकानदारास एक अडचण हटकून येते, ती ही की गूळ घालताच दूध फाटते. गुळात थोडी आम्लता असते. दूध कढत असताना त्यात गूळ पडला म्हणजे आम्लता व उष्णता यांच्या संयोगाने दुधातील प्रथिने गोठतात. आता समजा, एका गटाने स्वतःच्या चुलीवर चार-सहा वेळा प्रयोग करून पाहिला आणि एका कागदावर स्वच्छ अक्षरांत पुढील गोष्टी लिहिल्या: गूळ आधी चहाच्या पाण्यात विरघळवून ते पाणी उकळून व गाळून घ्यावे, दूध निराळे तापवावे, भांडे विस्तवावरून उतरवून मगच दोन्ही एकत्र करावीत, आणि एकत्र केल्यावर पुन्हा कढवू नये. अमुक इतक्या पाण्यास अमुक इतका गूळ पुरतो हे प्रमाणही प्रयोगाअंती दिले. असा कागद दहा चहावाल्यांच्या हाती पडला, तर त्यांपैकी सर्वांनी त्या गटाचा गूळ घेतलाच पाहिजे असे नाही. परंतु ज्यांचे रोज सकाळचे दूध नासावयाचे थांबले, ते तो कागद भिंतीला चिकटवून ठेवतील. त्याच्या तळाशी असलेले गावाचे व गटाचे नाव त्यांना रोज दिसेल.

याहून महत्त्वाचा प्रश्न गुळाच्या रंगाचा आहे. पिवळाधमक गूळ तोच उत्तम, अशी समजूत बाजारात रुजलेली आहे आणि ती सांभाळण्यासाठी काही ठिकाणी ‘हायड्रोस’ या नावाने ओळखली जाणारी पूड काहिलीत टाकली जाते. तिने रस उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्यास मर्यादा घातलेली आहे. शिवाय हा कृत्रिम उजाळा टिकतही नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. रानभेंडीच्या खोडाचा चीक वापरून मळी काढणारा शेतकरी या पुडीच्या वाटेस जात नाही, परंतु त्याचा गूळ तांबूस-तपकिरी निघतो आणि सौद्यात मागे पडतो. या शेतकऱ्याने दुकानदारापुढे केवळ शुद्धतेच्या आणाभाका घेऊन भागणार नाही. गुळाचा रंग कशाने उजळतो, कशाने गडद होतो, उसाची जात, जमीन व खते यांचा त्यावर कसा परिणाम होतो, हे सारे त्याने सांगितले पाहिजे. को ८६०३२ किंवा को.सी. ६७१ या जातींच्या उसाचा गूळ आणि खारवट जमिनीतील उसाचा गूळ यांत काय भेद पडतो, तोडल्यानंतर ऊस पडून राहिला तर गूळ घट्ट का बसत नाही, ही माहिती गुळव्यास असतेच, पण मिठाईवाल्यास ती कोणी दिलेली नसते. ती एकदा मिळाली म्हणजे तो स्वतःच पारखी होतो, आणि पारखी गिऱ्हाईक हेच चांगल्या मालाचे खरे गिऱ्हाईक होय.

या माहितीपत्रकात आपल्या मालाची उणी बाजूही स्पष्टपणे यावयास हवी. पावसाळी हवेत गूळ ओलावा शोषून पाझरतो, सबब तो कोरड्या व हवाबंद जागी ठेवावा आणि आषाढ-श्रावणात महिन्याच्या गरजेपुरताच मागवावा. प्रत्येक काहिलीचा रंग तंतोतंत सारखा येत नाही, म्हणून प्रत्येक रव्यावर तारीख व काहिलीचा क्रमांक घातलेला असतो. ज्या पदार्थास पांढरट रंगच हवा आहे त्यास हा गूळ योग्य नाही. अशी वाक्ये लिहिताना विक्रेत्याचा हात थबकतो, कारण त्यांनी विक्री घटेल असे त्यास वाटते. अनुभव मात्र वेगळा सांगतो. जो स्वतःच्या मालाचा दोष आपण होऊन सांगतो, त्याने सांगितलेल्या गुणांवर लोक विश्वास ठेवतात. जो केवळ गुणच सांगतो, त्याच्या गुणांतूनही दहा टक्के वजा करूनच ऐकले जाते. शिवाय ज्याला तो माल सोयीचा नाही असे गिऱ्हाईक आधीच बाजूला झाल्यामुळे परत आलेल्या खेपा, भांडणे व बुडालेली उधारी यांचा त्रासही वाचतो.

यावरून काही साधे नियम निघतात. पहिला नियम असा की लिहिण्यापूर्वी विचारावे. पाच-सात गिऱ्हाइकांकडे माल न घेता जावे, त्यांचे काम पाहावे, आणि गुळाविषयी किंवा हळदीविषयी त्यांना कोणती अडचण येते ते वहीत टिपून घ्यावे. ज्या प्रश्नाचा उल्लेख तीन-चार ठिकाणी झाला, तो प्रथम घ्यावा. दुसरा नियम, जे स्वतः करून पाहिले आहे तेच लिहावे आणि जेथे शास्त्रीय खुलाशाची गरज आहे तेथे जाणकारास विचारावे. कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, कृषी विद्यापीठे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे ही याच कामासाठी आहेत. गुळाने अमुक रोग बरा होतो, असे ऐकीव दावे मुळीच करू नयेत. तिसरा नियम, एका कागदावर एकच विषय असावा आणि भाषा घरची असावी. चौथा नियम सातत्याचा. हंगामात महिन्यातून एकदा, मग तो कागद असो वा भ्रमणध्वनीवरील संदेश असो, काही तरी उपयोगाचे पोचते केले पाहिजे. सांगण्यासारखे काही नसेल त्या महिन्यात गप्प राहावे, पण केवळ ‘माल तयार आहे’ असे संदेश रोज पाठवून लोकांस त्रस्त करू नये. पाचवा नियम, गिऱ्हाइकास गुऱ्हाळावर बोलवावे. काहिली, चुलाण, मळी काढण्याची रीत हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिले, तर शंभर पत्रकांचे काम एका दिवसात होते.

येथवर शेतकरी हा विक्रेता आहे असे धरून विचार झाला. परंतु वर्षातून कितीतरी वेळा तो स्वतः गिऱ्हाईक असतो. बियाणे, खते, औषधे, अवजारे यांच्या विक्रीचा मारा त्याच्यावरच होतो. ही रीत त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांनी पाळली नाही तर काय होते, हे विदर्भाने २०१७ साली फार कटू रीतीने अनुभवले. त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु कोणते औषध केव्हा, किती आणि कोणत्या काळजीने वापरावे, याची माहिती फवारणाऱ्या हातापर्यंत पोचली पाहिजे होती, ती पुरेशी पोचली नव्हती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. औषधाची बाटली मात्र पोचली होती. माल पोचविण्याची यंत्रणा ज्ञान पोचविण्याच्या यंत्रणेहून जलद धावली, म्हणजे काय होते त्याचा हा धडा आहे.

प्रामाणिक विक्रेता कसा ओळखावा, हे याच उदाहरणावरून सांगता येईल. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत, आणि सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ किंवा अधिक पतंग सापडू लागले म्हणजे उपाययोजनेची वेळ आली असे समजावे, अशी शिफारस आहे. दुकानात आलेल्या शेतकऱ्यास जो विक्रेता प्रथम ‘सापळ्यात किती पतंग आले’ असे विचारतो आणि संख्या कमी असल्यास ‘अजून फवारू नका, चार दिवसांनी या’ असे सांगतो, त्याची त्या दिवशीची एक बाटली खपत नाही हे खरे. परंतु तो शेतकरी पुढील वर्षी बियाण्यासाठी त्याच दुकानाची पायरी चढतो आणि चार शेजारी बरोबर आणतो. बाटलीवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे त्रिकोण विषाच्या उतरत्या तीव्रतेचे दर्शक आहेत हे जो समजावून देतो, पावती न मागता देतो, माती परीक्षणाचा अहवाल पाहिल्यावाचून खताची यादी लिहून देत नाही, तो विक्रेता गावाचा मित्र होय. हैदराबाद येथील ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ साली कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, त्यामागील हेतूही हाच आहे. गावातील शेतकरी सल्ल्यासाठी ज्या माणसाकडे सर्वांत आधी जातो तो पुष्कळदा दुकानदारच असतो, तेव्हा त्या सल्ल्यास ज्ञानाची बैठक असावी.

तथापि एका गोष्टीविषयी सावध राहिले पाहिजे. माहितीचा वेष घेतलेली जाहिरात हीही बाजारात पुष्कळ आढळते. शेतकरी मेळावा म्हणून बोलावणे, पिकाच्या रोगाविषयी दहा मिनिटे भाषण करणे आणि प्रत्येक रोगाचे उत्तर एकाच बाटलीत आहे असे शेवटी सांगणे, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. खरी माहिती व सोंग यांतील फरक ओळखण्याची कसोटी अगदी सोपी आहे. त्या माहितीतून, तो माल विकत न घेताही काही फायदा होतो काय, आणि माल घेऊ नये असा एखादा तरी प्रसंग तीत सांगितला आहे काय, हे पाहावे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर ती जाहिरात आहे असे खुशाल समजावे. हीच कसोटी शेतकरी गटांनी आपल्या स्वतःच्या पत्रकासही लावली पाहिजे.

या मार्गावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते अगदीच निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की फुकट दिलेली माहिती घेऊन लोक माल दुसरीकडून स्वस्तात घेतील. काही जण तसे करतीलच. पण अशी माणसे भावाच्याच मागे धावणारी असतात आणि माहिती दडवून ठेवल्यानेही ती हाती लागत नाहीत. दुसरा आक्षेप वेळेचा. ज्याला उद्या सोसायटीचा हप्ता भरावयाचा आहे, त्याने विश्वासाचे झाड लावून फळाची वाट कशी पाहावी? हा आक्षेप खरा आहे. या रीतीस एक-दोन हंगाम लागतात, आणि तोवर सौद्याचा मार्ग बंद करून चालणार नाही. म्हणून सर्व माल एकदम या मार्गाने विकण्याचे धाडस न करता प्रारंभी थोडा भाग राखून ठेवावा आणि गिऱ्हाइके वाढतील तसा तो वाढवावा. तिसरा आक्षेप असा की माल सामान्य असेल तर माहितीने काय होणार? काहीच होणार नाही. उपयुक्त माहिती ही चांगल्या मालाची सोबतीण आहे, वाईट मालावरील पांघरूण नव्हे. किंबहुना असे पांघरूण घालण्याचा प्रयत्न केला तर शिकविलेले गिऱ्हाईकच ते प्रथम ओढून काढील.

आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याविषयी. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा ग्रामसेवकाकडून अपेक्षा होती ती ही की त्याने शेतकऱ्याच्या गरजेपासून आरंभ करावा, बांधावर जावे आणि करून दाखवावे. ही अपेक्षा आजच्या कार्यकर्त्यासही लागू आहे. शेतकरी गटास पत्रक लिहिण्यास साहाय्य करणे, त्यातील विधाने संशोधन केंद्राकडून तपासून घेणे, शहरातील गिऱ्हाइकांची गुऱ्हाळास भेट घडवून आणणे, ही कामे त्याच्या कक्षेतीलच आहेत. मात्र त्याने कोणा एका व्यापाऱ्याच्या किंवा गटाच्या मालाची शिफारस करू नये. त्याचे शब्द गावात ज्या कारणाने ऐकले जातात ते कारणच त्यामुळे नाहीसे होईल.

याच संदर्भात विस्तारकार्य करणाऱ्या सर्वांनी स्वतःकडेही पाहावयास हवे. योजनांचे उद्दिष्ट मार्चअखेर पुरे करावयाचे म्हणून नको असलेल्या माणसाच्या गळ्यात अवजार किंवा अर्ज मारणे, हाही एक तगाद्याचाच प्रकार आहे. ज्याने ते अवजार गळ घातली म्हणून घेतले, त्याच्या गोठ्यात ते गंजत पडते, आणि पुढल्या वर्षी कार्यकर्ता दिसला की तो वाट बदलतो. उलट ज्या कार्यकर्त्याने एकदा कोणाच्या आजारी फळबागेचे नेमके दुखणे सांगितले, त्याच्याकडे योजनांची चौकशी करावयास लोक आपण होऊन येतात. व्यापाऱ्यास जो नियम लागू आहे तोच सरकारी खात्यासही लागू आहे.

येत्या गळीत हंगामापूर्वी प्रत्येक शेतकरी गटाने एक काम मात्र अवश्य करावे. आपला माल जेथे जातो अशा पाच दुकानांत जाऊन, माल न विकता, त्यांची अडचण विचारून यावी आणि त्यांपैकी एका अडचणीचे खरे उत्तर एका कागदावर लिहावे. कार्यकर्त्याने ते उत्तर तपासून घ्यावे. पुढील खेपेस गुळाबरोबर तो कागदही जाऊ द्यावा.